परातीवरचा छ

पंकजाबाईंनी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि त्या काळात फळ्यावर एकही चुकीचं विधान लिहिलं नाही. घरात मात्र त्यांच्याकडे एक खोटं होतं. ते पितळेचं होतं, त्याचा व्यास पावणेदोन फूट होता आणि त्यात गव्हाची कोठी उभी होती.

ती एक परात होती. दोन हजार चार साली त्यांनी श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात घर बांधलं. वास्तुशांतीला दीडशे पान होतं, म्हणून आळीतून भांडी आणली. असं सगळेच आणतात, आणि भांडी इकडची तिकडे होऊ नयेत म्हणूनच तर प्रत्येक भांड्यावर मालकिणीचं नाव कोरून घेतलेलं असतं. कार्य पार पडलं, भांडी घासली, नावं वाचून घरोघरी पोचवली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या छबूबाई दारात आल्या.

“बाई, माजी परात न्हाई आली.”

“आली की. मी स्वतः पोचवली.”

“मंग ती माज्या घरात का न्हाई?”

पुढचं संभाषण अर्धा तास चाललं आणि ते ऐकायला निम्मी आळी जमली. शेवटी पंकजाबाई सगळ्यांसमोर स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “माझ्या घरात तुमची परात नाही. असली तर मी विज्ञान शिकवायचं सोडीन आणि यात्रेत पिपाण्या विकायला बसेन.”

सहा महिन्यांनी माळ्यावर, उरलेल्या फरश्यांच्या मागे, त्यांना एक परात सापडली. बॅटरीच्या उजेडात तिच्या बुडावरचं एकच अक्षर दिसलं. छ. त्या छची शेपटी इतकी लांब होती की ती परातीला अर्धी प्रदक्षिणा घालून आली होती. पंकजाबाईंनी पुढचं वाचलं नाही. तेवढं एकच पुरेसं होतं. त्यांनी परात खाली आणली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली आणि नवऱ्याच्या मदतीने तिच्यात गव्हाची कोठी उभी केली. कोणी विचारलंच तर मुंग्या लागू नयेत म्हणून, हे कारण तयार होतं. परातीत पाणी कधीच घातलं नाही, पण तेवढं कोणी विचारलं नाही.

छबूबाई आणि त्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एकवीस वर्षांत जिल्ह्याचं नाव बदललं, पंकजाबाईंचं विधान बदललं नाही.

आणि हे सगळं असंच सुखाने चालू राहिलं असतं, पण मैत्रेयीने फॉन्ट करायला घेतला.

मैत्रेयी त्यांची मुलगी. पुण्यात ती अक्षरं काढण्याचं काम करते, म्हणजे संगणकावर वापरायचे फॉन्ट तयार करते. पंकजाबाईंना आधी वाटायचं की अक्षरं तर आहेतच, ती पुन्हा कशाला काढायची? मग मैत्रेयीने त्यांना शेजारी बसवून एकाच ‘क’चे अकरा प्रकार दाखवले, तेव्हा त्यांनी ते प्राण्यांच्या वर्गीकरणासारखं समजून घेतलं आणि पुन्हा शंका काढली नाही.

हा नवा फॉन्ट मैत्रेयीचा स्वतःचा पहिला. तो तिने बेलापूरच्या भांड्यांवरून घेतला होता. भांड्यांच्या दुकानाबाहेर पोत्यावर बसून बन्सीकाका नावाचे गृहस्थ पन्नास वर्षं छिन्नी-हातोडीने नावं कोरायचे. त्यांचं वळण कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं. अक्षरं एकमेकांचे हात धरून चालायची, शिरोरेषा शेवटी वेलीसारखी वळायची, वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे जायची, आणि सगळी रेघ छिन्नीच्या बारीक ठिपक्यांची असायची. मोठ्या आकारात मांडायचा असा हा जुन्या थाटाचा फॉन्ट होता. पाट्या, लग्नपत्रिका, पेढ्यांचे खोके यांच्यासाठी. “यात वर्तमानपत्र छापलं तर वाचणाऱ्याला चक्कर येईल,” असं मैत्रेयीच सांगायची. फॉन्टचं नाव तिने ‘बन्सी’ ठेवलं होतं.

दोन महिने ती आईकडे राहून घरोघरची स्वयंपाकघरं पालथी घालत होती. भांड्यावर पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल घासायची, फोटो काढायचा, वहीत नोंद करायची. ‘थ’ थोरातांच्या घागरीवर मिळाला. ‘ढ’ ढाकण्यांच्या चरवीवर. ‘ज्ञ’ मिळायला तीन दिवस लागले आणि तो निघाला एका पिकदाणीवर. फॉन्टबरोबर एक छोटी पुस्तिका निघणार होती आणि तिच्यात प्रत्येक अक्षराखाली ते कुठल्या भांड्यावरून घेतलं, हे छापणार होते.

सगळी अक्षरं झाली. छ राहिला.

“छ नाही?” पंकजाबाईंनी विचारलं. त्या कणीक मळत होत्या. हात थांबले नाहीत, पण कणीक उगाचच जास्त घट्ट झाली.

“कुठेच नाही. छगनअण्णांची भांडी मोडीत गेली. छायामावशी सगळं घेऊन सुरतेला गेली. छबूकाकूंच्या सुनेने, मोनिकावहिनीने तर जुनं सगळं देऊन नॉनस्टिकचा सेट आणलाय.”

“मग तू काढ की एक. त्यात काय.”

“सुहाससर पण तेच म्हणतात.” सुहाससर म्हणजे तिचे पुण्याचे वरिष्ठ. “म्हणतात, पुढच्या शनिवारी प्रकाशन आहे, एक छ तू मनाने काढ, कोणाला कळतंय? पण आई, मी पुस्तिकेत पहिल्याच ओळीत लिहिलंय, ‘यातलं प्रत्येक अक्षर बन्सीकाकांच्या हातचं आहे.’ ते मग खोटं होईल. छ नाही मिळाला तर मी फॉन्ट मागे घेणार.”

पंकजाबाईंना एकदम अभिमान वाटला आणि लगेच त्यांची नजर कोठीकडे गेली.

“बन्सीकाकांनाच का नाही विचारत?”

“विचारलं. आता हात थरथरतो त्यांचा. म्हणाले, ‘छ बघायचा आसल तर परातीवरचा बघ. तांब्यावर त्याला जागा पुरत न्हाई. परातीवर मी शेपटी आशी सोडायचो, की गिऱ्हाईक म्हनायचं, बन्सी, आता बास कर.’” मैत्रेयीने सुस्कारा सोडला आणि पाठ टेकली. पाठ कोठीला टेकली.

पंकजाबाईंनी त्या दिवशी कणकेत मीठ दोनदा घातलं.

त्यांनी विचार केला. मुलीला छ हवा होता. परात नको होती, फक्त छ. मग छ वेगळा करून देता येईल का? दुसऱ्या दिवशी मैत्रेयी श्रीरामपूरला गेल्यावर त्यांनी प्रयोगाचं साहित्य मांडलं: एक जुनी पितळी ताटली, कंपासमधलं कर्कटक आणि खलबत्त्यातला बत्ता. दीड तास ठोकाठोक केली. माधवराव, म्हणजे त्यांचे यजमान, बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी एकदाच विचारलं, “काय फुटलं?”

“काही नाही.”

“मग काय फुटणार आहे?”

संध्याकाळी त्यांनी ताटली सहज सापडल्यासारखी मैत्रेयीसमोर ठेवली. “अगं, ही बघ. मागच्या फडताळात होती. छ आहे बहुतेक.”

मैत्रेयीने ताटली उजेडात धरली. वळवली. मग भिंग काढलं.

“आई, हा छ नाही. हा बेडूक आहे.”

“जुना असेल, झिजला असेल.”

“पितळेचा कीस अजून चिकटलाय. आणि बन्सीकाकांनी ‘छ’ काढून शेजारी ‘इयत्ता आठवी’ का कोरलं असेल?”

ते ताटलीवर आधीपासूनच होतं. शाळेच्या स्पर्धेतलं बक्षीस होतं ते. पंकजाबाईंनी ते साहित्यात धरायला हवं होतं.

“कोणीतरी माझी चेष्टा करतंय,” मैत्रेयी म्हणाली. “जाऊ दे. उद्या मी छबूकाकूंकडे जाते. त्यांची एक पितळी परात होती म्हणे. ती कुठे गेली, ते तरी विचारते.”

“त्यांच्याकडे कशाला?” पंकजाबाई एका दमात म्हणाल्या. “त्यांना काय आठवणार? वय झालं त्यांचं.”

“तुझ्याएवढ्याच आहेत त्या.”

रात्रभर पंकजाबाईंना पिपाण्या ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मैत्रेयी गेली आणि सव्वादहाला परत आली. एकटी नाही. एकवीस वर्षांनी छबूबाई त्या दारात उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला होता आणि मान ताठ होती.

“आई, छबूकाकू म्हणतात, त्यांच्या परातीवर छ होता, आणि तिचं काय झालं ते तुलाच माहीत आहे.”

“तसंच म्हनले मी,” छबूबाई म्हणाल्या. “तवाबी म्हनत हुते, आताबी म्हनते.”

तेवढ्यात मैत्रेयीचा फोन वाजला. सुहाससरांचा होता. घरात आवाज नीट येत नाही म्हणून ती गच्चीवर गेली. छबूबाई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, जशा काही रोजच येत होत्या. पाण्याचा माठ पाहिला, ओटा पाहिला, आणि कोपऱ्यात त्यांची नजर थांबली.

“बाई, तुमची कोठी कशात उभी हाय?”

“मुंग्या लागू नयेत म्हणून...”

“पानी कुठंय त्यात?”

एकवीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. पंकजाबाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “छबूबाई, माझी चूक झाली. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. नंतर सापडली, पण तोवर मी पिपाण्यांचं बोलून बसले होते.”

छबूबाईंनी कमरेवर हात ठेवले. पंकजाबाईंना वाटलं, आता आळी पुन्हा जमणार. पण छबूबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फार मोठं समाधान होतं. जेवण झाल्यावर माणसाला वाटतं तसं.

“व्हय ना? हुती ना?” त्या म्हणाल्या. “माजं माणूस मेलं मला येडी म्हनत म्हनत. काडा भाईर.”

कोठी भरलेली होती. दोघींनी पंचपात्राने आणि डब्याने गहू उपसले, अर्धे पोत्यात, अर्धे फरशीवर. मग कोठी एका बाजूला कलती केली आणि छबूबाईंनी परात ओढून काढली, पालथी घातली आणि सांडलेल्या गव्हातच आदळली. बुडावर छ होता. शेपटी डौलात फिरली होती, काठापर्यंत जाऊन परत वळली होती. दोघी क्षणभर पाहतच राहिल्या. इतकं सुंदर अक्षर कोठीखाली उभं राहून आयुष्य काढत होतं, याचं पंकजाबाईंना फार वाईट वाटलं.

“वाचा की पुढं,” छबूबाई म्हणाल्या. “मला निस्ता छ तेवढा वाचाया येतो. माजं नाव कसं काडलंय बघू.”

पंकजाबाईंनी पदराने पितळ पुसलं आणि वर्गात वाचत तसं मोठ्याने वाचलं:

“छबिना मंडळ, खालची आळी, बेलापूर. सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.”

छबिना म्हणजे यात्रेत देवाची पालखी निघते ती मिरवणूक. त्या मंडळाची भांडी देवळात असतात, जेवणावळीला काढतात, घासून पुन्हा आत ठेवतात. निदान तशी अपेक्षा असते.

“पुन्यांदा वाचा,” छबूबाई म्हणाल्या.

पंकजाबाईंनी पुन्हा वाचलं. मजकूर तोच निघाला.

“म्हणजे ही तुमची नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“मी लग्न हून आले तवा हुती ती घरात! सासूबाई म्हनायच्या, आपली परात. छ बगून मला वाटलं, माज्याच नावाची.”

“सासूबाईंनी कुठून आणली?”

“आता ते मी वर जाऊन इचारू का?”

पंकजाबाईंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. त्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नका. आणि त्यांनी स्वतः एकाच अक्षरावरून निष्कर्ष काढून त्यात एकवीस वर्षं गहू भरले होते. पण यातून आणखी एक गोष्ट सिद्ध होत होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज थोडा चढलाच.

“छबूबाई, मी तेव्हा काय म्हणाले होते? ‘माझ्या घरात तुमची परात नाही.’ नव्हतीच! मी खरंच बोलले होते!”

“गप बसा, बाई. देवाची परात चोरून वर गमजा करता.”

“चोरली तुमच्या सासूबाईंनी. मी फक्त सांभाळली.”

“हळू बोला! मोनिकानं आयकलं तर गावभर करंल.”

दारात माधवराव पेन्सिल घेऊन उभे होते. त्यांनी फरशीवरचे गहू पाहिले, परात पाहिली, छबूबाईंना पाहिलं.

“सापडली का?” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“कोठी धरायला मीच होतो, आणि दर वर्षी गहूही मीच भरतो. पण तू मुंग्या म्हणालीस, म्हणून मी मुंग्या धरून चाललो.” आणि ते शब्दकोडं सोडवायला परत गेले.

आता प्रश्न असा होता की मैत्रेयीला परात दाखवायची तर पुस्तिकेत ‘पंकजाबाईंच्या कोठीखालून’ असं छापून येणार. त्यात दोन्ही घरांची अब्रू जाणार. न दाखवावी तर मुलीचा फॉन्ट जाणार. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पंकजाबाई म्हणाल्या, “जिथली आहे तिथे ठेवून येऊ.” छबूबाईंनी घरून पेंडीचं रिकामं पोतं आणलं. मैत्रेयी गच्चीवर सुहाससरांना ‘अजून एक दिवस’ मागत होती, तोवर परात पोत्यात गेली, सांडलेले गहू कोठीत गेले आणि दोघी मागच्या दाराने बाहेर पडल्या.

दिवसाढवळ्या, दोघींनी पोत्याचं एकेक टोक धरलेलं, पोत्यात थाळीसारखं गोल काहीतरी, आणि चालताना त्याचा टण् टण् आवाज. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण गंमत अशी की पोत्याकडे कोणीच पाहिलं नाही. आळीतल्या बायका ओट्यांवर येऊन नुसत्या त्या दोघींकडे बघत होत्या.

“अगं बया!” साळूबाई ओरडल्या. “ह्या दोगी बोलाया लागल्या?”

“मधी थांबलोच कुठं हुतो?” छबूबाई चालता चालता म्हणाल्या, आणि साळूबाईंचा झाडू हातातून पडला.

देवळाच्या मुदपाकखान्यात कोणी नव्हतं. दोघींनी परात मोठ्या पातेल्यांच्या आड उभी केली. पंकजाबाईंनी हात जोडले. छबूबाईंनीही जोडले आणि पुटपुटल्या, “देवा, सासूबाईला सांबाळून घे. उशिरा का हुईना, पोचती झाली.”

दुसऱ्या दिवशी चहा घेताना पंकजाबाई म्हणाल्या, “देवळातली भांडी पाहिलीस का गं?”

“पहिल्याच आठवड्यात. सत्तेचाळीस आहेत. सगळ्यांवर देणाऱ्यांची नावं, छ नाही.”

हे पंकजाबाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलगी त्यांच्यावरच गेली होती, तिने मोजलेलंच असणार. त्यांनी कप खाली ठेवला.

“निरीक्षण पुन्हा करून पाहावं. हेच शिकवलं ना मी तुला?”

मैत्रेयीने आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ती वही घेऊन निघाली. पंकजाबाईही निघाल्या. देवळाच्या पायरीवर छबूबाई आधीच बसल्या होत्या, अगदी सहज, हातात एक नारळ घेऊन.

मैत्रेयीने भांडी मोजली. अठ्ठेचाळीस. तिने परात ओढून उजेडात आणली आणि बूड वर केलं. ती खाली बसली. बोटाने शेपटीवरून फिरत गेली, काठापर्यंत, पुन्हा आत. तिचे डोळे भरून आले. ते पाहून पंकजाबाईंचे भरले. छबूबाई म्हणाल्या, “आता छ बगून कोन रडतं का?” आणि स्वतः पदर डोळ्यांना लावला.

मग मैत्रेयीचं बोट थांबलं. शेपटीच्या टोकाला, कोरलेल्या खाचेत, काहीतरी अडकलं होतं. तिने नखाने ते काढलं आणि तळहातावर ठेवलं. गव्हाचा एक दाणा.

तिने परात सुलटी केली. आत, बरोबर मध्यभागी, एक गोल डाग होता. कोठीच्या बुडाएवढा. लहानपणापासून ज्या कोठीला पाठ टेकून तिने अभ्यास केला, तिच्याखाली जे होतं आणि ज्याला ती कधी भांडं समजलीच नव्हती, ते काय होतं, हे तिला एका क्षणात समजलं.

“आई,” ती म्हणाली, “देवळात गहू कुठून आला?”

पंकजाबाईंनी छबूबाईंकडे पाहिलं. छबूबाईंनी नारळाकडे पाहिलं.

“देवाचं धान्य आहे ते,” पंकजाबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी इतकं अशास्त्रीय विधान केलं नव्हतं.

मैत्रेयीने कागद ठेवला आणि ती पेन्सिल घासायला लागली.

शनिवारी फॉन्टचं प्रकाशन झालं. पुस्तिकेत छखाली छापलं आहे: ‘छबिना मंडळाच्या परातीवरून. शोध: पंकजाबाई आणि छबूबाई.’ आता शिर्डीत एका पेढेवाल्याच्या खोक्यावर ‘बन्सी’ दिसतो, आणि केडगावात पुणे रस्त्यावर एका पंक्चरवाल्याने त्यात ‘हवा मोफत’ असं इतकं वेलबुट्टीदार लिहून घेतलंय, की माणसं हवा भरायच्या आधी थांबून वाचतात. बन्सीकाकांना मोबाईलवर दाखवलं तेव्हा त्यांनी एकेक अक्षर बोटाने पुढे सरकवलं आणि ते म्हणाले, “समदं माजंच हाय. पन छच्या शेपटीला हे काय लटाकलंय?”

शेपटीच्या अगदी टोकाला एक छोटासा फुगवटा आहे. नीट पाहिलं तर मधून बारीक चीर असलेला, गव्हाच्या दाण्यासारखा.

“ते परातीवर होतं, काका,” मैत्रेयी म्हणाली. “मी मनाने काहीही काढलेलं नाही.”